लक्षद्वीप आणि करोना : फाटक बेटावर नव्हतं, कोचीच्या धक्क्यावर होतं

आडबंदर (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर "लक्षद्वीपला समुद्रानेच वाचवलं" असं वाक्य आलं. तिथे वाद घालून त्या धाग्याची वाट लावण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे. समुद्राने फक्त ये-जा करायच्या वाटा मोजक्या ठेवल्या. वाचवलं ते त्या वाटांवर बसवलेल्या फाटकाने. फाटक सैल झालं आणि मग तोच समुद्र उलटला.

आधी आकडे. ३६ बेटं, वस्ती दहांवर. २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजार डोकी. निवांत वाळू आणि चार झोपड्या हे चित्र डोक्यातून काढा. कवरत्तीत ११,२२१ माणसं सव्वाचार चौरस किलोमीटरवर राहतात. बित्रात मात्र २७१.

देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला त्रिशूरमध्ये सापडला. लक्षद्वीपची शाळा-कॉलेजं, दवाखाने, बाजार सगळं केरळावर अवलंबून. तरीही तिथला पहिला रुग्ण नोंदला गेला १८ जानेवारी २०२१ ला. मधे ३५४ दिवस गेले.

हे जमलं कसं? एक म्हणजे विमानतळ एकच, अगत्तीला, आणि तिथे छोटं एटीआर विमान उतरतं. बाकी सगळे बोटीने, मुख्यतः कोचीहून. दुसरं, बाहेरच्या माणसाला १९६७ च्या नियमांनुसार आधीपासूनच प्रवेश परवाना लागतो. कोण येतंय याची यादी तयारच असायची, साथीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. मार्च २०२० मध्ये पर्यटन थांबवलं. अडकलेले विद्यार्थी, रुग्ण, कामगार परत आणायचे तेव्हा क्रम असा: कोचीत प्रशासनाच्या सोयीने सात दिवस विलगीकरण, चाचणी, निगेटिव्ह आला तरच बोट, आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा घरी विलगीकरण. बेटांवर लोक बऱ्यापैकी नेहमीसारखे वावरत होते. सप्टेंबर २०२० मध्ये शाळांचे वर्गही भरायला लागले, तेव्हा पुण्या-मुंबईची मुलं मोबाईलला चिकटून बसली होती.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस नियम बदलला. विलगीकरण गेलं, ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा झाला. ४ जानेवारीला बोटीने कवरत्तीत उतरलेला राखीव बटालियनचा एक कर्मचारी १८ तारखेला पॉझिटिव्ह निघाला. पुढे एकूण नोंद ११,४१५ रुग्ण आणि ५२ मृत्यू. २०११ च्या लोकसंख्येशी ताडलं तर दर सहा माणसांत एक जण.

---

शेवंती

धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न: रिपोर्ट निगेटिव्ह असल्याशिवाय बोटीवर घेत नव्हते ना? मग विषाणू चढला कुठून? लॅबनेच घोळ घातला असणार.

---

बिंदुमाधव

शेवंतीताई, लॅबचा घोळ असायची गरजच नाही. लॅबने शंभर टक्के बरोबर काम केलं तरी ही गळती होते, आणि ती आधी कागदावर मांडता येते.

संसर्ग झाल्या दिवशी घशात-नाकात विषाणू सापडण्याइतका नसतोच. २०२० मध्ये आरटी-पीसीआरच्या चुकांचा एकत्रित हिशोब झाला होता. त्यात लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी चुकण्याची शक्यता १०० टक्के, चौथ्या दिवशी ६७, पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण लक्षणं दिसू लागतात तेव्हा, ३८, आणि आठव्या दिवशी सर्वांत कमी, २०. नंतर ती परत चढते. म्हणजे सर्वोत्तम दिवशीसुद्धा पाचातला एक निसटतो.

आता ४८ तासांचा नियम या तक्त्यावर ठेवा. परवा लागण झालेला माणूस आज स्वॅब देतो, निगेटिव्ह येतो, खुशाल बोटीवर चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतरांना द्यायला लागतो. शिवाय स्वॅब दिल्यानंतरचे दोन दिवस तो कुठे होता? लॉज, रिक्षा, धक्क्यावरची रांग. रिपोर्ट हा स्वॅब घेतला त्या क्षणाचा फोटो आहे, पुढच्या दोन दिवसांची हमी नाही.

विलगीकरणाचं गणित वेगळं. लक्षणं दिसायला मध्यमान पाच दिवस लागतात आणि ज्यांना लक्षणं येणार त्यातल्या ९७.५ टक्क्यांना ती साडेअकरा दिवसांत आलेली असतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये पर्याय दिले होते: दहा दिवस, चाचणीशिवाय, तर उरलेला धोका सुमारे १ टक्का. सात दिवस आणि पाचव्या दिवसानंतरची निगेटिव्ह चाचणी, तर सुमारे ५ टक्के. कोचीचा जुना नियम जवळपास हा दुसरा पर्याय होता.

समजा बोटीला ४०० माणसं आणि त्या काळात हजारी पाच लागण झालेली. म्हणजे बोटीमागे दोन.
नुसती चाचणी, ४० टक्के निसटतात असं धरलं: दर फेरीला ०.८. म्हणजे जवळपास प्रत्येक बोटीतून एक जण बेटावर.
सात दिवस अधिक चाचणी, ५ टक्के निसटतात: दर फेरीला ०.१. दहा फेऱ्यांत एक.
आणि तो दहा फेऱ्यांतला एकही बेटावर घरी बसवला, पाचात चार वेळा तिथेच विझला, तर पन्नास फेऱ्यांत एक.

इनपुट आकडे माझे, उदाहरणापुरते. पण दोन चाळण्या एकाखाली एक ठेवल्या की गुणाकार होतो, हे त्यातून दिसतं. डिसेंबरात दोन्ही चाळण्या एकदम काढल्या आणि त्यांच्या जागी एक मोठ्या भोकांची ठेवली.

---

माडाखाली

बिंदुमाधव, झकास. कोकणातल्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी राज्याने काय केलं आठवा. विलगीकरण १४ वरून १० दिवसांवर आणलं, १२ ऑगस्टच्या आत पोचा म्हणून सांगितलं, कारण २२ ला चतुर्थी. त्यानंतर येणाऱ्यांना ४८ तासांतली निगेटिव्ह चाचणी. तोच ४८ तासांचा आकडा.

फरक एवढाच की कोकणात शिरायला महामार्ग, चार घाट, रेल्वे आणि वरून आडवाटा. कशेडीला नाकं लावलं तरी माणूस कुंभार्लीने उतरतो. तिथे चाळणी कुठलीही लावा, बाजूने पाणी जाणारच होतं. लक्षद्वीपला बाजूच नव्हती. म्हणून तिथला निर्णय जास्त टोचतो.

---

चष्मिष

थोडी उलट बाजू. सगळे मिळून डिसेंबरच्या निर्णयाला झोडपताय, पण कोचीतले सात दिवस फुकट पडत नाहीत. प्रशासनाने सोय केली तरी खोल्या मोजक्या. खोल्या जितक्या, तितकीच माणसं त्या आठवड्यात घरी जाणार. केमोला आलेला रुग्ण, बाळंतीण, परीक्षा देऊन परतणारी पोरं, सगळे त्याच रांगेत. मिनिकॉय बेटाचे बरेच पुरुष व्यापारी जहाजांवर. जहाजावरून सुटका व्हायला महिने, मग देशात आल्यावर एक विलगीकरण, कोचीत दुसरं, घरी तिसरं. सुट्टीच संपते. पर्यटन बंद, बांधकामाला मजूर नाहीत.

आणि देशभर तेव्हा आकडे उतरत होते. जानेवारी २०२१ मध्ये सगळ्यांनाच वाटत होतं संपलं म्हणून. नियम बाकी देशासारखे करा, ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती.

---

आडबंदर

चष्मिष, खोल्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फाटकाची रुंदी म्हणजे कोचीतल्या खोल्या. ३०० खोल्या आणि सात दिवस असतील तर आठवड्याला ३००, कितीही बोटी असल्या तरी. मागणी वाढली तर खोल्या वाढवायच्या किंवा दिवस कमी करायचे. सातचे पाच करून पाचव्या दिवशी चाचणी घेतली असती तर खोल्या तेवढ्याच राहून माणसं ४० टक्क्यांनी जास्त गेली असती, आणि धोका वाढला असता पण दहापट नाही. सात वरून थेट शून्य का, हा माझा प्रश्न आहे.

दुसरं, तारखा बघा. लसीकरण देशभर सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. पहिला रुग्ण १८ ला. फक्त दोन दिवसांचं अंतर! साठीच्या वरच्यांना लस खुली झाली १ मार्चला. एवढ्या छोट्या लोकसंख्येत वयस्कर लोकांचे दोन्ही डोस उरकायला फार काळ लागला नसता. फाटक उन्हाळ्यापर्यंत ठेवायचं होतं, कायमचं नाही.

---

शेवंती

पण नियम बदलला तो नवीन प्रशासक आल्यावरच ना? आधीचे प्रशासक दिनेश्वर शर्मा ४ डिसेंबरला वारले, त्यानंतर प्रफुल्ल खोडा पटेल आले...

---

संपादक मंडळ

तारखा बरोबर आहेत आणि त्या धाग्याशी संबंधित आहेत, म्हणून प्रतिसाद ठेवला आहे. लक्षद्वीपच्या इतर वादांसाठी (जमिनीचे नियम, बीफ वगैरे) आधीच दोन धागे आहेत. इथे साथीपुरतं बोलूया. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

सूक्ष्मदर्शी

चाचणी बेटावर घ्यायची की कोचीत, यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

बेटावर मोठी आरटी-पीसीआर लॅब चालवणं अवघड. थर्मल सायकलर हे यंत्र मिळतं, ते सोडा. बायोसेफ्टी कॅबिनेट, उणे २० आणि उणे ८० चे फ्रीजर, झटके न देणारी वीज, आणि दर आठवड्याला थंड साखळीत येणारे एन्झाइम, हे सगळं एकत्र लागतं. यातली एक कडी तुटली की लॅब बंद.

अशा जागी उपयोगी पडतं ट्रूनॅट. गोव्यातल्या मोलबायोचं यंत्र, मुळात क्षयरोगासाठी पसरलेलं. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने त्याला करोनाच्या प्राथमिक तपासणीसाठी मान्यता दिली, मे मध्ये खात्रीच्या चाचणीसाठीही. बॅटरीवर चालतं. स्वॅब थेट विषाणू मारणाऱ्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे कॅबिनेटशिवाय हाताळता येतो. वीसेक मिनिटं आरएनए काढायला, मग सहा मायक्रोलीटर थेंब चिपवर, आणि अजून पस्तीस-चाळीस मिनिटं. चिपा खोलीच्या तापमानाला टिकतात. चुका होतात त्या बहुतेक थेंब टाकताना: बुडबुडा गेला किंवा थेंब चिपवरच्या खळग्याच्या कडेला पडला की यंत्र 'इनव्हॅलिड' दाखवतं, आणि चिप फुकट जाते.

पण वेग बघा. चार कप्प्यांचं यंत्र धरलं तरी आठ तासांत तीसेक नमुने. बोटीतून उतरले ४०० जण. म्हणजे ट्रूनॅट आजारी माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी ठीक, बोटीसाठी नाही. बोटीची चाचणी मुख्य भूमीवरच व्हायला हवी. आडबंदर यांनी शीर्षकात तेच म्हटलंय.

दुसरा मार्ग एकत्रित चाचणीचा. अंदमानने हा लवकर वापरला. तिथे मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातच रुग्ण आले होते, आणि पोर्ट ब्लेअरला आयसीएमआरचं केंद्र होतं. पाच जणांचे नमुने एका नळीत मिसळायचे, निगेटिव्ह आलं तर पाचही सुटले, पॉझिटिव्ह आलं तर पाचही पुन्हा वेगवेगळे. १३ एप्रिल २०२० च्या आयसीएमआर सूचनेत मर्यादा पाच नमुन्यांची होती, आणि जिथे पॉझिटिव्ह प्रमाण २ टक्क्यांच्या खाली तिथेच वापरा असं होतं. ५ टक्क्यांच्या वर अजिबात नको.

का ते बिंदुमाधव सांगतील.

---

बिंदुमाधव

आज्ञा शिरसावंद्य :)

पाचच्या गटात माणशी लागणाऱ्या चाचण्या = १/५ अधिक गट पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता.
१ टक्का लागण: ०.२ + ०.०४९ = ०.२५. शंभर जणांना २५ चाचण्या.
५ टक्के: ०.४३.
१० टक्के: ०.६१.
३० टक्के: १.०३, म्हणजे सरळ एकेक तपासणं स्वस्त.

थोडक्यात, साथ नसताना ही युक्ती सोन्याची, साथ पेटल्यावर मातीची. वर नमुना पाचपट पातळ होतो, सीटी (विषाणू दिसेपर्यंत यंत्राला लागणाऱ्या फेऱ्या) साधारण दोन-सव्वादोनने चढतो, तेव्हा काठावरचे निसटतात ते वेगळंच. शून्य रुग्णांच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीसाठी मात्र एकदम योग्य.

---

गारठलेला

अवांतर नाही, पण दूरचं: फेरो बेटं. डेन्मार्कच्या ताब्यातली, लोकसंख्या बावन्न हजारांच्या आसपास, लक्षद्वीपच्याच मापाची. ३ मार्च २०२० ला पहिला रुग्ण, २२ एप्रिलपर्यंत १८७, आणि २०२० च्या अख्ख्या वर्षात एकही मृत्यू नाही. गंमत म्हणजे त्यांची चाचणी प्रयोगशाळा सामन माशांची होती! सामनला संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू होतो. २००० नंतरच्या काही वर्षांत त्याने तिथला मत्स्यउद्योग जवळपास झोपवला होता, म्हणून पशुवैद्यकीय खात्याने आरटी-पीसीआर उभारून ठेवलेलं. माशाच्या आरएनए विषाणूसाठी जे यंत्र, तेच माणसाच्या. प्रायमर (नेमका विषाणू ओळखणारे जनुकीय तुकडे) बदलले, रसायनं जगभर टंचाई व्हायच्या आधी मागवून ठेवली, आणि दिवसाला सहाशे चाचण्यांची तयारी झाली. नमुने डेन्मार्कला पाठवून वाट बघत बसायची वेळ आली नाही.

म्हणजे सूक्ष्मदर्शी म्हणतात ते खरं असलं तरी त्याला अपवाद आहे: लॅब आधीपासून रोजच्या धंद्यासाठी चालू असेल तर. साथीसाठी नवी उघडायची म्हटली तर नाही.

याच बेटांवर १८४६ मध्ये गोवर आला होता. ७,७८२ पैकी सहा हजारांच्या वर माणसं आजारी पडली. पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर डेन्मार्क सरकारने पाठवला. त्याच्या लक्षात आलं, की १७८१ च्या गोवरात सापडलेले म्हातारे ६५ वर्षांनी पुन्हा आजारी पडले नाहीत, आणि मधल्या काळात जन्मलेले बहुतेक पडले. बंद बेटाची हीच मेख. जितकी वर्षं विषाणू बाहेर ठेवाल तितका आतला लाकूडफाटा, म्हणजे लागण न झालेली माणसं, सुका राहतो.

---

चष्मिष

हेच तर मी म्हणतोय! एक वर्ष शून्य म्हणजे एक वर्ष सगळे कोरडे.

---

आडबंदर

कोरडे, बरोबर. म्हणूनच लस आल्यावर फाटक काढायचं असतं, लस दारात असताना नाही. पानुमच्या वेळी लस नव्हती, त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

---

जुना_फिटर

इथवर सगळं फाटकाचं झालं. आत शिरल्यावर काय झालं त्यातला ऑक्सिजन मी घेतो. माझा विषय तोच.

२५ एप्रिल २०२१ ला नौदलाचं आयएनएस शारदा कोचीहून ३५ ऑक्सिजन सिलिंडर, रॅपिड अँटिजेन किट, पीपीई वगैरे घेऊन कवरत्तीला गेलं, तिथून मिनिकॉय. येताना ४१ रिकामे सिलिंडर मेघना नावाच्या बोटीवरून भरायला कोचीला आणले. नौदलाच्या कोचीतल्या संजीवनी रुग्णालयात लक्षद्वीपसाठी दहा खाटा राखून ठेवल्या. बातमीत हे चार ओळींत संपतं. पण हिशोब मांडा.

जंबो, म्हणजे डी टाइप सिलिंडर धरला तर आत ४६-४७ लिटर जागा, सुमारे १५० बारला सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटरवर असलेला एक रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर ओढतो. दोन जंबो, आणि वर थोडं. ३५ सिलिंडर म्हणजे २,४५,००० लिटर, म्हणजे एका रुग्णाचे १७ दिवस, किंवा पाच रुग्णांचे साडेतीन दिवसही नाहीत. हाय-फ्लो नेझलवर (नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारी नळी) ६० लिटरने एकच माणूस ठेवला तर दिवसाला बारा सिलिंडर, तीन दिवसांत सगळे खलास. बेटावर हाय-फ्लो जपून वापरायचं ते या कारणाने.

आता फेरी. कोची ते कवरत्ती ४०० किलोमीटर, बोटीला १४ ते १८ तास. रिकामे उतरवा, ट्रकवर चढवा, भरायच्या रांगेत लावा, परत आणा, हवामान बघा. सगळं सुरळीत झालं तरी चार दिवस धरा. म्हणून बेटावर सिलिंडर रोजच्या खपाच्या हिशोबाने ठेवून चालत नाही. एक चक्र वापरात, एक वाटेत, एक राखीव, म्हणजे तिप्पट लोखंड लागतं. टंचाई वायूइतकीच रिकाम्या बाटल्यांची होती, आणि ती २०२१ च्या एप्रिलात अख्ख्या देशात होती.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन गाळणारं यंत्र? छोट्या बेटासाठी खरा आधार तोच. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट, दहा लिटरचं ६०० च्या आसपास. शुद्धता ९० ते ९६ टक्के. पण खारी हवा त्याचा काळ. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते नायट्रोजन धरतात. दमट हवा गेली की पाणी धरून बसतात आणि शुद्धता ८०-८२ वर घसरते. यंत्र घुर्रघुर्र करतंच, फ्लोमीटरचा गोळा वर दिसतोच, पण नळीतून निघणारा ऑक्सिजन हवा तितका शुद्ध नसतो. म्हणून:

बाहेरचं स्पंजचं गाळणं आठवड्याला नाही, रोज काढून गोड्या पाण्यात धुवायचं, पूर्ण सुकवूनच लावायचं. एक जोडी जास्तीची ठेवली की थांबावं लागत नाही.
यंत्र भिंतीपासून हातभर लांब, खिडकीखाली नको.
आठवड्याला एकदा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावून शुद्धता वहीत लिहायची. ८२ च्या खाली आलं की बाजूला.
बंद करून महिनाभर कपाटात ठेवायचं नाही. वापर नसला तरी आठवड्यातून तासभर चालवायचं, म्हणजे आतला ओलावा निघतो.

मोठा पीएसए प्लांट म्हणजे हेच मोठ्या मापात, फक्त आधी हवा सुकवणारा ड्रायर लागतो. बेटावर ड्रायर गेला की प्लांट गेला, आणि त्याचा सुटा भाग बोटीनेच येणार. म्हणून प्लांट असला तरी दोन दिवसांचे सिलिंडर भिंतीला उभे हवेतच. साखळीने बांधून.

---

सुकाणू

फिटरसाहेब, सलाम. सिलिंडर बोटीतून उतरवायचं राहिलं, ते जोडतो.

बऱ्याच बेटांना मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भोवती प्रवाळाचा कठडा, आत उथळ लगून. जहाज बाहेर उभं राहतं आणि माणसं-माल छोट्या बोटींतून आत जातो. मे च्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पश्चिमेकडून लाटा अशा येतात की ही उतरवाउतरव दिवसेंदिवस अडते. आपल्याकडे मचवे शाकारून वर ओढतात तोच काळ. माल नेणारे लाकडी उरू तर बंदच.

रिकामा जंबोच ५५-६० किलोचा, भरल्यावर दहाएक किलो जास्त. हेलकावणाऱ्या होडीत उभा ठेवायचा नाही. आडवा, तोंडं सगळी एका बाजूला, खाली जुनं टायर नाही तर काथ्याची चटई, वर आडवी दोरी. व्हॉल्व्हवर टोपी आवळलेली. टोपी नसताना पडला आणि मान मोडली तर तो तोफगोळाच. आणि तेल-ग्रीस लागलेल्या हाताने व्हॉल्व्हला शिवायचं नाही. होडीवाल्याला हे चढायच्या आधी सांगायचं, कारण त्याचे हात इंजिनात असतात.

रुग्ण उलट दिशेने न्यायचा तर स्ट्रेचर चारही बाजूंनी बांधून पाळण्यासारखा वर घेतात. ऑक्सिजनवरचा करोना रुग्ण असेल तर सोबत छोटा बी टाइप सिलिंडर, १,५०० लिटर. १० लिटरने अडीच तास. होडी, प्रतीक्षा, चढवणं धरून तेवढ्यात जहाजावरच्या मोठ्या सिलिंडरला जोडला गेला पाहिजे. हेलिकॉप्टर आहे, पण पावसात, ढगात, रात्री त्याचं काही खरं नसतं.

तारीख लक्षात घ्या: लाट शिखराकडे चाललेली आणि १३-१४ मे २०२१ ला लक्षद्वीपच्या समुद्रातच कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तौक्ते. त्याचं वादळ झालं तेही तिथेच. १७ तारखेला त्याने मुंबईजवळ काय केलं ते इथे सगळ्यांना आठवतंय, पी-३०५ बार्ज बुडाला. आपल्या बातम्यांत वादळ सुरू होतं रत्नागिरीपासून. त्याआधी ते या बेटांवरून गेलेलं असतं, आणि तेव्हा तिथे बोटीही बंद आणि विमानही.

---

शीतपेटी

लसीबद्दल दोन ओळी, कारण तिथे लक्षद्वीपने चांगलं काम केलं आणि ते कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व प्रौढांना पहिला डोस पूर्ण झालेल्या पहिल्या सहा राज्य-केंद्रशासित प्रदेशांत लक्षद्वीप होतं. गोवाही होता.

छोट्या बेटावर अडचण साठवणीची नसते. बर्फाच्या अस्तराचा फ्रीज २ ते ८ अंश बरेच तास वीज नसताना धरतो. अडचण कुपीची. कोविशील्डची कुपी दहा डोसांची आणि उघडल्यावर चार तासांत संपवायची. बित्रात २७१ माणसं, त्यातली अठरा वर्षांवरची काही, त्यातली त्या दिवशी आलेली काही. सात जणांसाठी कुपी उघडली तर तीन डोस वाया. म्हणून आधी घरोघर यादी, मग दहाच्या पटीत वेळ देऊन बोलावणं, अकरावा माणूस राखीव. कुपीत थोडं जास्त भरलेलं असतं, हात बसलेल्या नर्सला त्यातून अकरावा डोस निघतो.

वाहतुकीत बिघडतं ते उष्णतेने कमी, अति थंडीने जास्त. बर्फाची पाकिटं फ्रीजरमधून काढून तशीच पेटीत घातली की कडेच्या कुप्या गोठतात, आणि गोठलेली लस टाकूनच द्यावी लागते. पाकीट बाहेर ठेवून घाम सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचं, आत पाण्याचा आवाज आला की मगच चार बाजूंना चार. बोटीत घाईत नेमकं हेच राहून जातं.

---

शेवंती

बापरे, केवढं शिकायला मिळालं. फिटरकाका, अजून एक विचारू? रिकामा सिलिंडर परत पाठवताना पूर्ण रिकामा करून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा का, म्हणजे हलका होईल?

---

जुना_फिटर

अजिबात नको. वजन वाचतं ते किलोच्या आत. उलट दोन-तीन बार दाब शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह बंद करायचा. उघडा ठेवला तर रात्री थंड झाल्यावर तो बाहेरची खारी दमट हवा आत ओढतो, आतून गंजतो, आणि भरणाऱ्याला आत काय गेलंय ते कळत नसल्याने तो सगळा सोडून, धुऊन, तपासून मगच भरतो. कोचीच्या रांगेत एक दिवस जास्त. टोपी लावायची, खडूने 'रिकामा' लिहायचं आणि भरलेल्यांपासून वेगळा, बांधून ठेवायचा. खडू पावसात पुसतो, तेव्हा मानेला सुतळीने पत्र्याची चकती बांधली तर उत्तम.